केटमध्ये एक दुरुस्ती करायची, तर अख्खं केडीई बिल्ड करावं लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि त्यावर कुबंटू २४.०४ आहे. केट एडिटरमध्ये मराठी मजकुरात ‘शक’ शोधलं की ‘शक्ती’ शब्दातला ‘श’ आणि ‘क्ती’चा अर्धा भाग ठळक होतो, जोडाक्षर मधूनच कापल्यासारखं दिसतं. हे तुम्हाला सुधारायचं आहे. त्यासाठी एका जुन्या लेखातल्या कमांड चालवून तुम्ही सगळं केडीई (केट ज्याचा भाग आहे तो डेस्कटॉप आणि प्रोग्रॅमांचा संच) बिल्ड करायला, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करायला घेतलं. चार दिवस गेले. आधी लॅपटॉप गोठत होता, मग ‘क्यूटीची आवृत्ती जुनी आहे’ अशी चूक आली (क्यूटी म्हणजे केडीई ज्यावर उभं आहे ती पायाभूत लायब्ररी). मग कुणाच्या तरी सल्ल्याने एका लायब्ररीची जुनी ब्रँच (कोडची शाखा) घेऊन ती रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या प्रशासकाच्या अधिकाराने इन्स्टॉल केली आणि आता लॉगिन केल्यावर काळा पडदा येतो. तुमचा प्रश्न आहे: क्यूटीची ती चूक घालवायची कशी?

ती चूक घालवता येईल. पण ती घालवून तुम्ही पाचव्या दिवशी सहाव्या चुकीवर पोचाल, एवढंच. खरी अडचण वेगळी आहे: नेमकं काय बदलायचंय हे ठरायच्या आधीच तुम्ही सगळं बिल्ड करायला घेतलंत, आणि तेही रोज वापरायच्या डेस्कटॉपमध्येच. राहत्या घरातली फरशी एकदम सगळ्या खोल्यांतून उखडल्यासारखं झालं ते. मी बारा-तेरा वर्षं केडीईवर फावल्या वेळात काम करतोय आणि यातली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे, काळा पडदा धरून.

आधी तो काळा पडदा. सिस्टिम नव्याने टाकायची अजिबात गरज नाही. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. साधा टर्मिनल येईल, तिथे लॉगिन करा. बिल्ड करताना तुम्ही जागा सांगितली नव्हती, त्यामुळे सीमेक या बिल्डच्या साधनाने सगळं यूएसआरखालच्या ‘लोकल’ या फोल्डरात टाकलं. उबंटूमध्ये लायब्ररी शोधायच्या यादीत ‘लोकल’चा नंबर वितरणाच्या (म्हणजे तुमच्या कुबंटूच्या) स्वतःच्या फोल्डरच्या आधी लागतो. म्हणजे तुमचा प्लाझ्मा (केडीईचा डेस्कटॉप) सुरू होताना स्वतःची नीट जुळलेली लायब्ररी सोडून तुम्ही टाकलेली उचलतो आणि कोसळतो. वितरणाचं काहीही पुसलं गेलेलं नाही, फक्त झाकलं गेलंय. जिथे बिल्ड केलं होतं त्या फोल्डरात जा. तिथे इन्स्टॉल झालेल्या प्रत्येक फाइलची यादी एका मजकूर-फाइलीत सीमेकने ठेवलेली असते, आणि केडीईच्या प्रोजेक्टांना ‘अनइन्स्टॉल’ हे टार्गेटही असतं. ते रूटच्या अधिकाराने चालवा, मग लायब्ररींची सूची ताजी करणारी एलडीकॉन्फिग ही कमांड द्या आणि मशीन पुन्हा सुरू करा. बिल्ड फोल्डर रागाच्या भरात उडवलं नसेल अशी आशा आहे. उडवलं असेल तर ‘लोकल’मध्ये जाऊन त्या तारखेच्या फाइली हाताने शोधाव्या लागतील, होतं तेही, पण कंटाळवाणं आहे.

पुढे कधीही या कामात रूटचा अधिकार लागला तर तो फक्त वितरणाची पॅकेजं टाकायला. स्वतः बिल्ड केलेली वस्तू इन्स्टॉल करायला सुडो लागतोय असं दिसलं की हात आवरा, तुम्ही चुकीच्या जागी टाकताय.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला दिसलेला दोष कुठल्या थरात आहे? हे विचारायचं कारण असं की ‘केट’ नावाचा जो प्रोग्रॅम आपल्याला दिसतो त्यात केटचं स्वतःचं असं बऱ्यापैकी कमी आहे. मजकूर मांडणं, कर्सर हलवणं, ओळ मोडणं हे सगळं केटेक्स्टएडिटर नावाच्या लायब्ररीत आहे. केडब्ल्यूराइट आणि केडेव्हलप हेही तीच वापरतात. तिच्याखाली केडीईच्या आणखी लायब्ररी, त्यांच्याखाली क्यूटी, आणि देवनागरीची अक्षरं जोडून दाखवण्याचं काम त्याच्याही आत हार्फबझकडे. २०१४ च्या जुलैत फ्रेमवर्क्स ५ आलं तेव्हा जुन्या एकगठ्ठा केडीईलिब्ज्‌चे तुकडे करून या स्वतंत्र लायब्ररी बनवल्या गेल्या. आज त्या सत्तरहून जास्त आहेत. बाहेरच्या प्रोग्रॅमना हवी तेवढीच लायब्ररी घेता यावी हा हेतू होता आणि तो साधलाही, पण नवशिक्याला मात्र ‘एक प्रोग्रॅम बिल्ड करायचाय आणि चाळीस वस्तू कशाला लागतायत’ असा प्रश्न पडू लागला.

तुम्ही ‘शोधलं’ असं लिहिलंय. कुठे शोधलं? कंट्रोल-एफ दाबल्यावर खाली जी पट्टी येते ती केटेक्स्टएडिटरची. पण खालच्या कप्प्यातलं ‘शोधा आणि बदला’ हे साधन, ज्यात अनेक फाइलींमध्ये एकदम शोधता येतं, ते केटचं प्लगिन आहे आणि केटच्याच रेपोत (कोडच्या भांडारात) राहतं. दोन्हीकडे तोच अर्धवट ठळकपणा दिसतो का ते बघा. फक्त दुसऱ्यात दिसत असेल तर तुमचं काम एकदम हलकं झालं: एकटं केट बिल्ड करा, बाकी सगळं वितरणाच्या पॅकेजांतून घ्या.

पट्टीतही दिसत असेल तर पुढची चाचणी. इथे सगळे एक चूक करतात, केडब्ल्यूराइट उघडून बघतात. त्यातून काहीच कळत नाही, कारण आतली लायब्ररी तीच आहे. त्याऐवजी क्यूटीची नुसती मजकूर-पेटी दाखवणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा, पायथनमध्ये पायसाइड (पायथनमधून क्यूटी वापरायची सोय) वापरून लिहिलात तर बिल्डही करावं लागत नाही. त्यात ‘शक्ती’ लिहा आणि पहिली दोन चिन्हं निवडून बघा. तिथेही जोडाक्षर फुटत असेल तर दोष केडीईच्या खाली आहे, आणि तो क्यूटीच्या वेगळ्या प्रकल्पात, वेगळ्या रीतीने मांडावा लागेल. चार दिवस केडीई बिल्ड करून तो सापडला नसता.

थोडं विषयांतर, पण तुमच्या कामाचं आहे. संगणकाच्या लेखी ‘शक्ती’ म्हणजे श, क, हलन्त, त, वेलांटी अशी पाच चिन्हं. ‘शक’ ही पहिली दोन, त्यामुळे शोध बरोबरच लागतोय; प्रश्न फक्त दाखवण्याचा आहे. ‘वापरणाऱ्याला एक अक्षर वाटतं ते कुठे संपतं’ याचे नियम युनिकोडने ठरवलेले आहेत आणि देवनागरीतलं हलन्ताने जोडलेलं अक्षर मध्ये तोडू नये हा नियम त्यात २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. म्हणजे तुम्हाला जे खटकलं ते युनिकोडच्या मानकातही बऱ्याच उशिरा लिहिलं गेलंय. त्यामुळे दुरुस्ती पाठवाल तेव्हा ‘हे चूक आहे’ एवढंच न म्हणता हा संदर्भ द्या. समोर तपासणारा माणूस जर्मनीतला किंवा ब्राझीलमधला असेल. ‘क्ती’ फोडली की मराठी माणसाला काय वाटतं हे त्याला आपोआप कळणार नाही. आणि ‘शोध लागला तर ठळक तरी नेमकं काय करायचं, पूर्ण “शक्ती” की “शक्” पर्यंत?’ असं तो विचारेलच. त्याचं उत्तर तयार ठेवा.

समजा चाचण्या करून तुम्ही या निष्कर्षावर आलात की दोष केटेक्स्टएडिटरमध्येच आहे. तर मग बिल्डची व्यवस्था लावू.

इथे पहिला प्रश्न वितरणाचा, आणि तुमची क्यूटीची चूक इथूनच आलीय. कुबंटू २४.०४ मध्ये प्लाझ्मा ५.२७ आहे, आणि क्यूटी ६ जे आहे ते ६.४. प्लाझ्मा ६ आलं २८ फेब्रुवारी २०२४ ला आणि त्यालाच क्यूटी ६.६ लागत होतं. आजच्या मास्टर ब्रँचला, म्हणजे सध्या काम चालू असलेल्या ताज्या कोडला, त्याहून बरंच नवीन लागतं. दीर्घ मुदतीच्या वितरणाचं तत्त्वच ‘एकदा ठरलं की हलवायचं नाही’ हे. रोजच्या वापराला उत्तम, केडीईच्या मास्टरवर काम करायला मात्र निरुपयोगी. म्हणून केडीईचं काम करणारी बहुतेक मंडळी फेडोरा, आर्च किंवा ओपनसूझे टंबलवीड वापरतात, जिथे क्यूटी ताजं मिळतं.

तुम्ही काय करावं हे तुमच्या परिस्थितीवर आहे. त्याच लॅपटॉपवर प्रोजेक्ट, सबमिशन, प्लेसमेंटच्या परीक्षा सगळं चालत असेल तर वितरण बदलायचा सल्ला मी देणार नाही. डिस्ट्रोबॉक्स वापरा. त्यात कुबंटूच्या आतच फेडोराचा एक डबा तयार होतो. त्यात पॅकेजं फेडोराची, पण तुमचं होम फोल्डर आणि पडदा तोच. केटसारख्या प्रोग्रॅमसाठी हे पुरेसं आहे आणि मी स्वतः ऑफिसच्या लॅपटॉपवर, जिथे वितरण माझ्या हातात नाही, असंच करतो. डबा बिघडला तर पुसून पाच मिनिटांत नवा. आभासी मशीनचा विचार ८ जीबीवर करू नका. अर्धी रॅम ती खाईल आणि उरलेल्यात कंपायलर गुदमरेल. वेगळं पार्टिशन मोकळं असेल आणि पुढे प्लाझ्मावरच काम करायचं मनात असेल, तर मात्र सरळ फेडोराची केडीई आवृत्ती शेजारी टाका. डब्यातून आख्खा डेस्कटॉप चालवणं म्हणजे उगीच डोकेदुखी.

डिस्ट्रोबॉक्सची एक खोच: होम फोल्डर तेच असल्यामुळे सेटिंगच्या फाइलीही त्याच. तुमचं ताजं केट जुन्या केटच्या सेटिंगवर लिहील. मी एकदा अशाच नादात वर्षभर जमवलेली केटची सेशन्स घालवली होती. डबा तयार करतानाच त्याला वेगळं होम देता येतं, तो पर्याय वापरा.

मग केडीई-बिल्डर, म्हणजे केडीईचे प्रोजेक्ट आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ररी क्रमाने आणून बिल्ड करणारं साधन. तुम्ही वाचलेल्या लेखात केडीईएसआरसी-बिल्ड आहे, तो पर्लमधला जुना प्रोग्रॅम. आता त्याची जागा पायथनमधल्या केडीई-बिल्डरने घेतली आहे. मी मुद्दामच इथे कमांड जशाच्या तशा देत नाहीये. त्या बदलतात, आणि जुन्या उत्तरांतून त्या उचलल्या की काय होतं ते तुम्ही आत्ताच अनुभवलंय. केडीईच्या डेव्हलपर संकेतस्थळावर त्या ताज्या असतात. मी क्रम आणि त्यामागचं कारण सांगतो.

इन्स्टॉल केल्यावर आधी सेटिंगची फाइल तयार करून घ्यायची, तसा पर्याय आहे. मग दुसऱ्या पर्यायाने वितरणाची लागणारी पॅकेजं टाकून घ्यायची. हा पर्याय वगळून पुढे गेलेला माणूस पुढचे दोन दिवस एकेक पॅकेज शोधत बसतो. डब्यात आहात, तेव्हा हेही डब्यातच करा. होममध्ये ‘केडीई’ नावाचं फोल्डर होईल आणि त्यात सोर्स, बिल्ड, इन्स्टॉल आणि लॉग असे चार कप्पे. तुमचं सगळं जग त्या एका फोल्डरात. नको झालं की फोल्डर पुसा, सिस्टिमला पत्ताही लागत नाही.

सेटिंगच्या फाइलीत एकच आकडा आत्ता बदला: एका वेळी किती कामं चालवायची तो. तुमचा लॅपटॉप गोठत होता त्याचं कारण हेच. काहीच न सांगितल्यास निन्जा हे साधन मशीनच्या धाग्यांच्या (प्रोसेसरच्या थ्रेड्सच्या) संख्येत दोन मिळवून तेवढी कामं एकदम सुरू करतं. आठ धाग्यांचा प्रोसेसर असेल तर दहा. सी-प्लस-प्लसची एकेक जडशी फाइल कंपाइल होताना एकेक जीबी सहज घेते. ब्राउझर उघडा आहे, त्यात दहा-बारा टॅब. आता हिशेब तुम्हीच करा. रॅम संपली की डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि माऊसही हलेनासा होतो. कधी कधी सिस्टिमचा रॅम-रक्षक मध्ये पडून थेट टर्मिनलच बंद करतो आणि आपल्याला वाटतं बिल्ड ‘आपोआप’ थांबलं. तुमच्याकडे आकडा ३ ठेवा. बिल्डला जास्त वेळ लागेल, पण तो संपेल. सीकॅशही (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन) चालू करा. तीच फाइल दुसऱ्यांदा कंपाइल करायची वेळ आली की फरक कळतो.

पहिला बळी केटचा देऊ नका. आधी केकॅल्क हा कॅल्क्युलेटर बिल्ड करा. अधिकृत मार्गदर्शनातही तोच पहिला नमुना आहे. छोटा आहे, आणि तो बिल्ड होऊन उघडला म्हणजे तुमची सगळी जोडणी ठीक आहे. शिवाय त्याच्यासाठी ज्या खालच्या लायब्ररी बिल्ड होतील त्या पुढे केटलाही लागणारच आहेत, म्हणजे वेळ वाया जात नाही. रात्री लावा आणि झोपा. लॅपटॉप चार्जरला लावून, झाकण मिटल्यावर झोपी जाणार नाही असं सेटिंग करून. हसू नका, मी सकाळी उठून १२ टक्क्यांवर थांबलेलं बिल्ड बघितलंय.

‘खालच्या लायब्ररी वितरणाच्या घेतल्या तर नाही का चालणार?’ हा प्रश्न तुम्हाला पडेल. केट, केकॅल्कसारख्या प्रोग्रॅमना बऱ्याचदा चालतात. त्यांना बऱ्यापैकी अलीकडची फ्रेमवर्क्स पुरतात आणि फेडोरात ती असतात. पण फ्रेमवर्क्सपैकी एक लायब्ररी मास्टरवरून घेतली की तिला तिच्या खालच्या भावंडांचीही तीच, अजून न निघालेली आवृत्ती लागते. केटेक्स्टएडिटर त्यातलीच. म्हणून तुमच्या बाबतीत ती सगळी साखळी बिल्ड करणं आलं. ती काही डझन प्रोजेक्टांची आहे, पण बहुतेक लहान आहेत. क्यूटी मात्र वितरणाचंच घ्या. केडीई-बिल्डर क्यूटीसुद्धा बिल्ड करून देतो, पण ८ जीबीवर त्या वाटेला जाऊ नका.

बिल्ड मध्येच थांबेल. थांबणारच. तेव्हा पडद्यावरची शेवटची ओळ वाचू नका. अनेक कामं एकदम चाललेली असतात, पहिली चूक वर कुठेतरी राहते आणि खाली तिचे पडसाद दिसतात. लॉगच्या फोल्डरात ‘लेटेस्ट’ नावाची वाट आहे, तिच्यात त्या प्रोजेक्टच्या नावाचं फोल्डर आणि त्यात ‘एरर’ नावाची लॉग-फाइल. ती उघडून वरून खाली या आणि पहिली चूक शोधा. दहापैकी सात वेळा ‘अमुक पॅकेजची कॉन्फिग फाइल सापडली नाही’ असं असतं, म्हणजे त्या लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलेलं नाही. फेडोरात एक सोय फार छान आहे: सीमेक ज्या नावाने ओरडतोय तेच नाव ‘सीमेक’ शब्दानंतर कंसात घालून डीएनएफला (फेडोरात पॅकेजं टाकणाऱ्या कमांडला) द्या, योग्य पॅकेज तो स्वतः शोधून टाकतो. उबंटूत त्यासाठी एपीटी-फाइलमधून शोधावं लागतं. डब्यासाठी मी फेडोरा सुचवायचं अर्धं कारण हेच आहे. पॅकेज टाकलं की बिल्ड पहिल्यापासून नको, थांबलेल्या प्रोजेक्टपासून पुढे सुरू करायचा पर्याय आहे.

केकॅल्क झाला, केट झालं. आता चालवायचं. साधं ‘केट’ असं टर्मिनलमध्ये लिहिलंत तर सिस्टिमचं केट उघडेल. केडीई-बिल्डरला ‘रन’ पर्याय देऊन चालवा, किंवा प्रत्येक प्रोजेक्टच्या बिल्ड फोल्डरात ‘प्रीफिक्स’ नावाची एक स्क्रिप्ट असते ती त्या टर्मिनलात सोर्स करा. ती काय करते तर प्रोग्रॅम, प्लगिन, क्यूएमएल आणि आयकॉन कुठे शोधायचे याच्या वाटा तेवढ्या टर्मिनलपुरत्या तुमच्या फोल्डरकडे वळवते. टर्मिनल बंद केला की सगळं पूर्ववत.

आणि तरीही फसायला होतं. २०१६-१७ ची गोष्ट असेल. मी केटमध्ये एक बदल केला, बिल्ड केलं, चालवलं, काहीच फरक नाही. पुन्हा बिल्ड. पुन्हा तेच. मग संपूर्ण बिल्ड फोल्डर पुसून नव्याने. तरी तेच. दोन तास गेले, चहा दोनदा झाला. कारण काय, तर मागे दुसऱ्या डेस्कटॉपवर माझ्या नोंदींची फाइल उघडलेलं सिस्टिमचं केट चालू होतं. नवं केट सुरू होताना डी-बसवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेवर) विचारतं, ‘कोणी आधीच आहे का?’ आहे म्हटलं की फाइल त्याच्या हवाली करून स्वतः गुपचूप बंद होतं. मी दोन तास वितरणाच्या केटकडे बघत माझा बदल शोधत होतो. तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या. एक, चालवण्याआधी बाकी सगळी केट बंद, किंवा ‘नवीन’ हा पर्याय देऊन चालवायचं. दुसरी, पहिला बदल कायम बावळट करायचा: शोधपट्टीतल्या एखाद्या बटणावर स्वतःचं नाव लिहायचं. ते दिसलं, तरच पुढे. तरी शंका असेल तर प्रॉक या फोल्डरात त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली ‘मॅप्स’ नावाची फाइल असते. तिच्यात केटेक्स्टएडिटर शोधा. वाट तुमच्या होममधली आहे की यूएसआरमधली ते लगेच दिसतं. हे शेवटचं कुठल्याच नवशिक्यांच्या मार्गदर्शनात मी वाचलेलं नाही, पण माझे सगळ्यात जास्त तास यानेच वाचवलेत.

यानंतर रोजचं चक्र लहान असतं. दर वेळी सगळी साखळी ताजी करू नका. केडीई-बिल्डरला सांगता येतं की सोर्स आणू नको, खालच्या लायब्ररींना हात लावू नको, फक्त हा एक प्रोजेक्ट बिल्ड कर. होस्टेलच्या इंटरनेटवर तर हे हवंच. एक फाइल बदलली तर काही सेकंदांत होतं. आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री वगैरे, सगळं ताजं करा. एडिटर म्हणाल तर क्यूटी क्रिएटर, केडेव्हलप, व्हीएस कोड, काहीही. क्लँगडी (एडिटरला कोड समजावून देणारं साधन) नीट चालतोय एवढं बघा. सीमेककडून कंपाइल कमांडची यादी त्याला मिळाली की कुठलं फंक्शन कुठून हाक मारलं जातं हे एका टिचकीवर दिसतं, आणि केटेक्स्टएडिटरएवढा मोठा कोड वाचायचा तर ते लागतंच.

केटेक्स्टएडिटरमध्ये चाचण्यांचं फोल्डर आहे. दुरुस्तीला हात लावण्याआधी तिथे शोधाच्या चाचण्या कशा लिहिल्यात ते वाचा आणि ‘शक्ती’ची एक चाचणी लिहा जी आज नापास होते. मग दुरुस्ती. हे शिस्तीसाठी म्हणत नाहीये. देवनागरी न वाचता येणाऱ्या तपासनिसाला तुमचं म्हणणं पटवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि पुढच्या वर्षी कोणी नकळत ते मोडलं तर यंत्रच ओरडेल.

प्लाझ्मा आणि केविनबद्दल (केडीईचा विंडो मॅनेजर) तुम्ही जाता जाता विचारलंय, तेवढंच थोडक्यात. पॅनेल, विंडो मॅनेजर असलं काही बदलायचं असेल तर केविन तुमच्या चालू डेस्कटॉपवर एका खिडकीतच उघडता येतो, वेगळ्या डी-बस सत्रात; मोडला तर खिडकी बंद. पूर्ण सत्रच चालवायचं तर प्लाझ्मा-वर्कस्पेस बिल्ड झाल्यावर तिथे एक स्क्रिप्ट मिळते, ती लॉगिनच्या पडद्यावर वेगळी नोंद टाकते. त्यासाठी वेगळं यूजर खातं करा, स्वतःच्या खात्यात तो प्रयोग नको. डिस्कवर ५०-६० जीबी मोकळे ठेवा. पण हे आत्ता तुमच्या कामाचं नाही.

आणखी एक गोष्ट. रेपोत ‘पीओ’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात मराठी अनुवादही असतील. त्यातली चूक दिसली तरी तिथे दुरुस्त करू नका. अनुवादाचं मूळ घर अजून सबव्हर्जन या जुन्या, वेगळ्या साठवण-व्यवस्थेत आहे आणि एक यंत्र तिथून रोज या फोल्डरात प्रती टाकतं. तुमचा बदल ते बिनदिक्कत पुसून टाकेल. अनुवादाची वाट वेगळी आहे, ती भाषेच्या गटातून जाते.

तर आज रात्री एवढंच करा: काळा पडदा घालवा, दोन्हीकडे शोधून बघा, आणि तो दहा ओळींचा पायथन प्रोग्रॅम चालवून काय दिसलं ते इथे लिहा. दोष क्यूटीत निघाला तर वरचं अर्धं तुम्हाला लागणारही नाही. बिल्डमध्ये अडलात तर ‘एरर’ लॉगमधल्या पहिल्या चुकीच्या वरखालच्या वीसेक ओळी मजकूर म्हणून चिकटवा. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो नको. मागच्या खेपेला तुम्ही टाकलेल्या फोटोत ट्यूबलाइटच जास्त दिसत होती.